हूं म्हणायच्या अटीवर

आमच्या घरमालकांएवढा हट्टी माणूस ठाणे-बेलापूर रस्त्याच्या दोन्ही अंगांना आजवर झाला नाही, आणि झाला असं म्हणणारा कुणी भेटला तर त्याला माझ्याकडं पाठवा. मी त्याच्याशी भांडायला तयार आहे. एरवी मी भांडखोर नाही. भित्री म्हणूनच माझी ओळख. स्टोव्हचा आवाज जरा बदलला तरी मी तो विझवून टाकते, आणि दारावर अनोळखी थाप पडली की उघडायच्या आधी आपलं काय चुकलं असेल ते मी मनात शोधून ठेवते. पण या एका माणसाबद्दल कुणी हसत हसत 'जरा सर्किटच होते ना ते?' असं म्हटलं की माझ्यातली भित्री बाई कुठं जाते कोण जाणे. सर्किट तर सर्किट. तुमच्या शहाण्यांनी मला खोली दिली नव्हती, या सर्किटानं दिली. इथून माझं बोलणं सुरू होतं.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं असेल. परभणीकडच्या आमच्या गावात सातवीत माझी शाळा सुटली, मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागं मी इकडं आले. नवरा महाप्याच्या एका रंगाच्या कारखान्यात लागला होता. त्याचे हात एका आठवड्यात निळे असत, दुसऱ्यात जांभळे, आणि ते हात जोडून आम्ही खाडीकडच्या गावांतून खोली शोधत फिरत होतो. दोन ठिकाणी खोली होती. आडनाव विचारलं, आम्ही सांगितलं, आणि खोली नव्हतीच असं निघालं. तिसऱ्या घराच्या पडवीत एक उघडाबंब, काळा, रुंद खांद्यांचा म्हातारा पायाच्या अंगठ्यात दोरा अडकवून मासे धरायचं जाळं विणत बसला होता. खोलीचं विचारल्यावर त्यानं मान वर केली नाही. आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, पगारही विचारला नाही. "आज्याचं नाव काय?" म्हणाला. नवऱ्यानं सांगितलं. "त्याचे बापाचं?" तेही सांगितलं. "त्याचे बापाचं?" इथं नवऱ्याचा निळा हात डोक्यावर गेला. मग म्हातारा माझ्याकडं वळला. "तुजा आजा?"

"आबा," मी म्हणाले.

"आबा त समद्यांचेच. नाव काय?"

मला माहीत नव्हतं. आम्ही त्यांना आबाच म्हणायचो. म्हाताऱ्यानं जाळं खाली ठेवलं आणि आमच्याकडं असं बघितलं, जसं थंडीत उघड्या अंगानं आलेल्या पोरांकडं बघावं. "घर सोरून इतके लांब आलाव," तो म्हणाला, "आनि संगती कोनालाच नाय आनलाव?" मग पडवीचा निम्मा भाग प्लायवूडनं बंद करून केलेली खोली त्यानं आम्हाला दाखवली आणि एकच अट घातली. रोज संध्याकाळी तो फळीपलीकडं बसून गोष्ट सांगणार, आणि मी चुलीपाशी असो नाहीतर भांड्यापाशी, फळीअलीकडून हूं म्हणायचं.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो हे मला ठाऊक होतं; आमच्याकडंही बाया जात्यावर बसल्या की एक सांगे आणि दुसरी हूं म्हणे. पण आमच्या मालकांनी हुंकाराचं शास्त्र केलं होतं. पहिल्याच संध्याकाळी मी नम्रपणे 'हो' म्हणाले, तर फळीवर पलीकडून थाप पडली. "हो नको म्हनू. हो म्हनजे संपव. बरं म्हनजे पुरे. हूं म्हनजे म्होरं!" हुंकार वाक्याच्या शेवटी यायला हवा, पण वाक्याच्या अंगावर पडता कामा नये. लांबला तर सांगणाऱ्याला वाटतं ऐकणारा जांभई देतोय. तोकडा पडला तर वाटतं त्याचं लक्ष भाकरीत आहे. आणि हुंकार चुकलाच, तर मालक ओरडत, "खांड परली!" त्यांच्या बापजाद्यांची शेती खाजणातली. खाडीचं खारं पाणी मातीच्या लांब बांधानं थोपवायचं आणि आत भात पिकवायचं. त्या बांधाला कुठं भगदाड पडलं की त्याला खांड म्हणत, आणि खांड पडली की जेवत्या ताटावरून उठून सगळं गाव माती घेऊन धावे. गोष्टीचंही तसंच, असं मालकांचं म्हणणं. एका जागी तुटली की सगळी खारट. म्हणून ते पुन्हा अगदी आरंभापासून सुरू करत. एका संध्याकाळी माझं दूध उतू गेलं, हुंकार चुकला, आणि त्यांच्या मूळपुरुषाला बिचाऱ्याला पुन्हा होडीत बसावं लागलं.

तो मूळपुरुष म्हणजे जान्या. पलीकडच्या किनाऱ्यावरचं त्याचं घर भरतीनं नेलं, उरला फक्त सागवानी दरवाजा. तो दरवाजा होडीत आडवा टाकून, त्याच्यावर बायकोला बसवून जान्या खाडी ओलांडून आला. त्यानं आधी दरवाजा उभा केला आणि मग वर्षभर पैसा जमेल तसं त्याला घर जोडत गेला. तोवर नवरा-बायको उघड्या माळावर त्या दरवाजातूनच आत-बाहेर करत, आणि भांडण झालं की बायको आतून कडी लावून घेई. त्याच्यानंतरचा हाल्या. मिठागरावरच्या साहेबाची माणसं घरी झडतीला आली तेव्हा त्यानं चोरून आणलेल्या मिठाची गोणी पाळण्यात झोपवली आणि तिला अंगाई म्हटली. खरं मूल शेजारणीकडं रडत होतं. अशी एकेक रत्नं. मालकांच्या कुळात एकही शहाणा माणूस झालेला नव्हता आणि याचा त्यांना कोण अभिमान! "शाने लोक काय करतान? गप बसतान. त्यांची गोष्ट होत नाय," ते म्हणत.

सुरुवातीला मी केवळ भीतीपोटी हूं म्हणे. हुंकार चुकला तर खोली जाईल असं वाटे. नवरा पहिल्या पाळीवरून आला की त्याला दिसे ते असं: बायको भाकरी थापतेय आणि भिंतीकडं बघून थांबून थांबून हूं, हूं करतेय. एकदा त्यानं माझ्या कपाळाला हात लावून बघितला. माझ्या कपाळावर जांभळी पाच बोटं उमटली आणि दुसऱ्या दिवशी नळावर बायांनी मला काय काय विचारलं. पण मग कधीतरी भीती सरली आणि मी ऐकायला लागले. ऐकता ऐकता विचारायला लागले. मी 'कामून?' म्हटलं की मालकांना हसू लोटे. "कामून म्हने! तुजे परभनीचे लोकांना का म्हनायला दम लागतो काय गो?" पण त्या 'कामून'चं उत्तर ते देत, आणि तेही सात-आठ पिढ्या मागं जाऊन देत.

जमिनी तेव्हा गेल्याच होत्या. जिथं खाजण होतं तिथं भराव पडला, भरावावर रस्ते आले, रस्त्यांना नंबर आले. गावातले बाकीचे लोक त्यावर मोर्चे काढत, अर्ज करत, रडत, दारू पीत. आमच्या मालकांनी वेगळाच मार्ग धरला. त्यांनी ते नंबर मानायलाच नकार दिला. एकदा मला वाशीला सामान आणायचं होतं आणि ते सोबत म्हणून आले. बसमध्ये कंडक्टरनं विचारलं, कुठं? मालक म्हणाले, "मोठे उघारीवर दोन." उघाडी म्हणजे बांधातलं पाणी आत-बाहेर सोडायचं लाकडी दार. कंडक्टर साताऱ्याकडचा होता. "असला स्टॉप न्हाई, आजोबा."

"स्टॉप तुजा काल आला. उघारी माजे आज्यानं बसवली."

"बरं, पण तिकीट कुठलं फाडू?"

"आयक," मालक म्हणाले आणि भर बसमध्ये सुरू झाले. कंडक्टर, दांडीला लोंबकळणारे कारखान्याचे लोक, कोळणींच्या टोपल्या, सगळ्यांना आज्यानं उघाडीचं लाकूड कुठून आणलं ते ऐकावं लागलं. एवढ्यावर भागलं असतं तर मी खिडकीबाहेर बघत ओळख विसरले असते. पण मध्येच ते थांबले आणि माझ्याकडं बघायला लागले. सगळी बस माझ्याकडं बघायला लागली. लाज, भीती, सगळं गिळून मी म्हणाले, "हूं." पुढच्या वाक्याला दोन कोळणींनीही हूं म्हटलं. आमचा स्टॉप मागं पडला, डेपो आला, आणि उतरताना कंडक्टर म्हणाला, "आजोबा, लाकूड आणलं खरं, पर बसवलं कसं ते ऱ्हायलं की!"

डेपोतून आम्ही चालत मागं आलो ते थेट एका इमारतीच्या तळमजल्यावर. मालकांनी बेल वाजवली. दार उघडणाऱ्या बाई दादरहून नुकत्याच राहायला आलेल्या दिसत होत्या. त्यांच्या मागं त्यांचे यजमान वर्तमानपत्र धरून उभे.

"कोण हवंय आपल्याला?"

"कोन नको. तुमचे सोप्याखाली आमची मोठी उघारी हाय."

यजमान पुढं आले. "हे बघा, आम्ही हा ब्लॉक रीतसर घेतलाय."

"घ्या ना. मी मांगायला नाय आलो. सांगायला आलोय."

मी मागून हात जोडून उभी. आता पोलिसांना बोलावतात की काय, नवऱ्याला कुणी कळवायचं, असं सगळं माझ्या डोक्यातून जाऊन आलं. पण त्या बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा सोफ्याकडं, आणि म्हणाल्या, "अहो, आत तरी या. चहा टाकते." पुढं कित्येक वर्षं त्या बाई आपल्याकडं येणाऱ्या पाहुण्यांना सोफ्यावर बसवताना सांगत, "तुम्ही बसलात ना, तिथून पूर्वी खाडीचं पाणी आत यायचं हं." मालकांचं काम झालं होतं. जमीन त्यांची राहिली नाही, पण तिच्यावर बसणाऱ्याला आपण कशावर बसलोय हे त्यांनी माहीत करून दिलं. कुणी याला वेड म्हणो. मला विचाराल तर तो त्यांचा मोर्चा होता, एका माणसाचा, चहा घेऊन परत येणारा.

या सगळ्यात एकच माणूस हूं म्हणत नव्हता, आणि तो म्हणजे मालकांचा स्वतःचा मुलगा. त्यांची बायको कधीच गेली होती, मुलगा एकुलता. तो वाशीच्या घाऊक बाजारात कांद्या-बटाट्याचा गाळा सांभाळे आणि नव्या इमारतीत ब्लॉक घेऊन बायको-मुलीसह राही. माणूस वाईट नव्हता. दर रविवारी बापासाठी मटण घेऊन येई. पण गोष्ट निघाली की उठून स्कूटर पुसायला जाई. मालकांच्या घराण्याची रीत अशी, की ही गोष्ट घरातल्याच रक्ताच्या माणसाला एकदा सगळी, अखंड, त्याच्या तोंडच्या हुंकारासह सांगायची. तशी सांगितली की ती त्याची झाली. मग जुन्या सांगणाऱ्यानं ती पुन्हा तोंडात घ्यायची नाही. तोपर्यंत मात्र त्यानं मरायचंही नाही. "माजे बापानं मना सांगितली आनि चौथे दिवशी गेला," मालक म्हणत. "मी पोऱ्याला कवा सांगू? त्याला आयकायला टाइम नाय, म्हनून मना मरायला टाइम नाय." मी इतक्या वर्षांत अख्खी गोष्ट शंभरदा ऐकली असेन, पण मी परकी. माझा हुंकार म्हणजे त्यांच्या गोष्टीला रोज नुसतं पाणी दाखवून जिवंत ठेवणं.

मुलानं त्याच्या परीनं एक उपाय काढला. न्हावा शेव्याकडच्या कुणा ओळखीच्याकडून त्यानं टेपरेकॉर्डर आणला. "बाबा, टेन्शनच नको. यात बोला एकदा सगळं. मला वेळ मिळंल तेव्हा मी ऐकीन." बटण दाबून तो निघून गेला. मालकांनी त्या डब्यासमोर मांडी घातली, घसा खाकरला, आणि पहिलं वाक्य सांगून ते हुंकाराची वाट बघत बसले. डबा काही बोलेना. रविवारी मुलानं ती कॅसेट लावली. त्यात जान्या होडीत बसतो. मग कावळा ओरडतो. मग बराच वेळ माझ्या स्टोव्हचा आवाज. मग मालक विचारतात, "झोपलास काय रं?" मग पुन्हा स्टोव्ह. शेवटी फळीअलीकडून, कुणी न सांगता, सवयीनं आलेला माझा एक बारीक हूं. बाकी सगळी कॅसेट रिकामी. मुलगा माझ्याकडं असा बघायला लागला की मी पदरात तोंड लपवलं. मालक म्हणाले, "यो डबा आयकतो, पन म्होरं म्हनत नाय. याचे संगती मी बोलनार नाय."

खरी ठिणगी पडली ती धायाच्या नावावरून. धाया हा त्यांचा खापर-खापरपणजा. एका अमावस्येच्या उधाणाला बांधाला खांड पडली, सगळं गाव माती घेऊन धावलं, आणि धाया घाबरून उलट्या दिशेनं डोंगराकडं पळाला. शेतं खारट झाली. गावानं त्याच्या घराचा विस्तव बंद केला, म्हणजे त्याच्या चुलीला कुणी निखारा द्यायचा नाही. तेव्हा काडेपेट्या कुठल्या? धायाची बायको गोमी. ती रोज संध्याकाळी खापर घेऊन अनवाणी पलीकडच्या गावाला जाई आणि तिथून निखारा घेऊन येई. मालक इथं आवाज उंचावत. "आरवाटेनं नाय गेली! वेशीतून, समद्यांचे दारावरून, मान वर करून! निखारा फुंकत फुंकत!" असं किती पावसाळे गेले. मग एक दिवस ज्या म्हातारीनं आधी दार लावलं होतं तीच बाहेर आली आणि म्हणाली, गोमे, माजी चूल विजली, एक निखारा दे. गोमीनं दिला. दुसऱ्या दिवशी दुसरी आली. बस, एवढंच.

आडनाव सांगितल्यावर ज्या दारांत आम्हाला खोली नव्हती, ती दारं मला दर वेळी इथं आठवत. या जागी माझा हुंकार कधीच चुकला नाही.

मुलाची मुलगी उजवायची ठरली तेव्हा ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. नवऱ्यामुलाच्या घरचे डंपर बंदराच्या कामावर चालत, मोठं घराणं. या लोकांत रीत अशी, की नवरीला हळद लागायच्या आधी घरातल्या वडील माणसानं तिला कुळाची गोष्ट सांगायची. आयुष्यभर गाळ्यावर अडकलेल्या मुलाऐवजी गोष्ट नातीला द्यायची संधी मालकांना अशी आयती चालून आली. आवाज सुटावा म्हणून महिनाभर आधीपासून ते मध चाटत होते. आणि हळदीच्या आदल्या रविवारी मुलगा येऊन म्हणाला, "बाबा, सांगा तुम्ही, पण तेवढं धायाचं गाळा. त्यांच्या बायका उष्टी हळद घेऊन येणार, सोसायटीतले लोक येणार. आपला पूर्वज पळपुटा होता हे माईकवरून कशाला सांगायचं? नावं सांगा, पुरे."

"धाया गालला त गोमी कुठून येल?"

"गोमी पण नको. जातीतून टाकलेले होतो असं वाटतं."

"मग तू कुठून आलास रं? धायाचे पोटचाच ना तू? शूरांचे पोटी आला असतास त गोष्टीपासून असा पलाला नसतास, खांड बुजवली असतीस!"

"बाबा, माझी इज्जतीची गोष्ट आहे."

"माजी पन गोष्टच हाय," मालक म्हणाले. "समदी नायतर काय नाय." आणि जाळं घेऊन त्यांनी पाठ फिरवली. मुलगा म्हणाला, ठीक आहे, मग नावं मीच घेईन.

हळदीच्या दिवशी दुपारी अंगणात मांडव, मांडवाला भोंगा, चुलाण्यावर मोठी पातेली, आणि या सगळ्या गडबडीत मालक पडवीच्या टोकाला, माझ्या फळीला पाठ लावून, गप्प. माणूस गप्प बसला की घरात किती आवाज असतात ते त्या दिवशी मला कळलं. एवढ्यात नवरी, पिवळ्या पातळात, हातभर हिरव्या बांगड्या सावरत माझ्या खोलीत शिरली आणि दार लोटून घेतलं.

"काकी, आजोबा असे का बसलेत? मी त्यांना कधी गप्प बघितलंच नाहीये." मग हळूच, "काय असतं हो त्या गोष्टीत? पप्पा तर कधी ऐकूच देत नव्हते."

मला सगळी पाठ होती. पण परक्या तोंडून गेलेली गोष्ट चालत नाही. आणि हेही कळत होतं की मालकांनी ती आज तिला दिली, तर उद्यापासून माझ्या संध्याकाळी रिकाम्या. बाहेर मुलानं माईकवर फुंकर मारली. मी विचार केला, या बाईमाणसानं एवढी वर्षं हूं म्हटलंय, आज जरा तोंड उघडावं. घर गेलं तर गेलं. आणि मी फळीकडं तोंड करून चांगल्या खणखणीत आवाजात नवरीला म्हणाले, "ऐक बाई. तुमचा मूळपुरुष जान्या एक खिडकी घेऊन आला."

फळीपलीकडं जाळ्याचा आवाज थांबला.

"मग हाल्या. तो फार प्रामाणिक होता, मिठाला त्यानं कधी हात लावला नाही."

पलीकडं कुणीतरी जोरात श्वास घेतला.

"आणि मग धाया," मी म्हणाले. "बांध फुटला तेव्हा धाया सगळ्यांच्या पुढं..."

"खांड परलीऽऽ!" फळीवर अशी थाप बसली की माझ्या मांडणीवरचा डबा खाली आला. दार उघडलं. मालक जाळ्यासकट आत. "पलाला! पलाला त्यो! ती परभनीची काय आयकवते तुना? बस खाली! जान्यानं दरवाजा आनला, दरवाजा!" आणि नातीला हाताला धरून त्यांनी पडवीत आणली, खाली बसवली, आणि पहिल्यापासून सुरू केलं.

त्याच वेळी नवऱ्यामुलाकडच्या बायका उष्टी हळद घेऊन मांडवात शिरत होत्या. ताटं हातात तशीच धरून त्या पडवीपुढं उभ्या राहिल्या. मुलगा माईक छातीशी धरून मध्येच थिजला. नात आधी गोंधळून 'अच्छा' म्हणाली. "अच्छा नाय, हूं!" मग तिचा हूं आला; बारीक, पण वेळेवर. दरवाजा उभा राहिला, गोणीला अंगाई झाली, बांध फुटला, धाया पळाला. नवऱ्यामुलाच्या आत्यानं तोंडाला पदर लावला. मालकांनी तिच्याकडं बघून मुद्दाम पुन्हा सांगितलं, "पलाला!" आणि मग गोमी निघाली, खापर घेऊन, समद्यांचे दारावरून, मान वर करून. मालक हुंकारासाठी थांबले. नात रडत होती, तिच्या तोंडून हुंकार फुटेना. मी ओठ घट्ट मिटून घेतले, कारण ही जागा माझी नव्हती. आणि एकदम भोंग्यातून, मांडवावर, गल्लीत, देवळापर्यंत, सगळ्या गावाला ऐकू गेलं: "हूं."

माईक चालूच होता. आपण बोललो हे मुलाला भोंग्यातून कळलं. तो दचकला, पण त्यानं माईक बंद केला नाही. मालकांनी त्याच्याकडं बघितलं नाही. म्होरं सांगत राहिले. शेवटच्या नावाला मुलगा नि त्याची लेक दोघं एकदम हूं म्हणाले. गोष्ट संपली तेव्हा ती नवऱ्यामुलाची आत्या पुढं आली, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "आमचे घरान असले चार पलालेले हायेत. पन सांगनारा कोन नाय." मग तिनं नवरीच्या गालाला हळद लावली.

दुसऱ्या संध्याकाळी मी पीठ मळायला घेतलं आणि वाट बघत बसले. पलीकडं मालक होते, जाळंही होतं, आवाज नव्हता. "मालक, आज काही नाही?" मी विचारलं. "ती आता तिची," ते म्हणाले. "तिना इचार." पुढं रोज तेच. फळीपलीकडून कधी विचारत, भाकरी करपली काय गो? कधी विचारत, तुजा नवरा आज निला हाय का जांभला? मी उत्तर देई. मरायला मोकळा झालेला तो माणूस काही मेला नाही. तेवढ्यापुरता त्यांनी बापाचा कित्ता गिरवला नाही. आपल्या बसायच्या जागी ते शांत बसत, जणू बांधावरची आपली पाळी संपवून आलेले.

दीड-दोन वर्षांनी नात बाळंतपणाला आली ती वाशीच्या ब्लॉकमध्ये न जाता हट्टानं इथं, पडवीत. महिन्याच्या मुलीला पायांवर घेऊन ती तेल लावी आणि लावता लावता सांगे. एका संध्याकाळी मी भाकरी थापत होते. फळीपलीकडं ती गोमीपर्यंत आली. "मग गोमीनं काय केलं माहितीये? खापर घेतलं, पायात चपला घातल्या आणि निघाली..."

माझा हात थांबला. मी शंभरदा ऐकलेल्या गोष्टीत गोमी प्रत्येक वेळी अनवाणी होती. चिखलातून, दगडांतून, अनवाणी. मी उठून दारात आले. मालक जाळ्यावरून मान वर करून नातीकडं बघत होते. त्यांचं तोंड उघडलं. मी कानांवर हात न्यायच्या बेतात होते. त्यांची नजर त्या लेकराच्या तेलानं चमकणाऱ्या, अजून जमिनीला न टेकलेल्या तळपायांवर गेली आणि तिथंच राहिली.

"हूं," ते म्हणाले.

गोमी तशीच पुढं गेली, चपला घालून. वाट तिची लांबची होती.